गाण्याची किंमत आधी कोण सांगणार?

साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले होते, हे जुन्या रसिकांना ठाऊक असते. त्यामागचे कारण मात्र अनेकदा दोन मोठ्या कलावंतांचा रुसवा म्हणून सांगितले जाते, आणि त्यात दोघांवरही अन्याय होतो. प्रश्न रॉयल्टीचा होता. रेकॉर्डच्या विक्रीतून गायकाला वाटा मिळाला पाहिजे, अशी लताबाईंची मागणी होती. गाण्याचे पैसे एकदा घेतले की गायकाचा हिशेब पुरा झाला, असे रफींचे प्रामाणिक मत होते. रफींच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही, पण या वादात लताबाईंची बाजू बरोबर होती असे मला ठामपणे वाटते. गाणे तयार होत असताना त्याची किंमत कोणालाच ठरवता येत नाही. ज्याची किंमत ठरवता येत नाही, ते एकरकमी विकायला लावणे म्हणजे दोघांपैकी दुबळ्या बाजूला अंधारात सही करायला लावणे होय. आपल्या कायद्याने हे मान्य करायला २०१२ साल उजाडले.

तोवरची व्यवस्था समजून घ्यायला १९५७चा कॉपीराइट कायदा आणि १९७७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा लागतो. गीतकार आणि संगीतकार यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करण्यासाठी १९६९मध्ये ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ स्थापन झाली. तिने दरपत्रक जाहीर करताच चित्रपट निर्माते आणि थिएटरमालक विरोधात उभे राहिले. कॉपीराइट बोर्डाने सोसायटीची बाजू घेतली, कलकत्ता उच्च न्यायालयाने ती फिरवली आणि प्रकरण दिल्लीला गेले. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गाणे करून घेतले असेल, तर वेगळा करार नसताना त्याचा पहिला मालक निर्माताच, असा निकाल लागला. चित्रपटाबाहेर संगीत सादर करण्याचा संगीतकाराचा हक्क न्यायालयाने तत्त्वतः शिल्लक ठेवला होता, पण निर्मात्यांच्या छापील करारांत तोही लिहून घेतला जाऊ लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला जोडलेल्या छोट्या टिपणात एक अस्वस्थता नोंदवून ठेवली: ज्या देशात गाणे गायकाच्या गळ्यातून ओळखले जाते, तिथे गायकाला कायद्याने काहीच हक्क नाही, आणि संसदेने याकडे पाहायला हवे. कलावंतांच्या सादरीकरणाचा हक्क कायद्यात आला तो १९९४मध्ये. त्यातही एकदा चित्रपटात गायला संमती दिली की हा हक्क संपे, म्हणजे पार्श्वगायकाच्या हाती काही उरत नसे.

कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग कराराने देतात. फळ किती धरेल याचा अंदाज चुकतो, पण तो एका हंगामापुरता. गाण्याचा हंगाम किती लांब असतो? गीतकार किंवा संगीतकार हयात असेपर्यंत, आणि त्याच्यानंतर आणखी साठ वर्षे. एवढ्या काळात माध्यमे बदलतात. १९५५ साली करारावर सही करणाऱ्या गीतकाराला कॅसेट ठाऊक नव्हती, खासगी एफएम रेडिओ, मोबाइलची कॉलर ट्यून आणि स्ट्रीमिंग तर कल्पनेबाहेर होते. तरीही या सगळ्यांतून आलेला पैसा त्या एका सहीच्या आधारे एकाच बाजूला जात राहिला. २०१२ची दुरुस्ती नेमकी इथे हात घालते. जे माध्यम कराराच्या वेळी अस्तित्वात नव्हते, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिले गेले असे मानले जात नाही. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की, थिएटरमध्ये चित्रपटासोबत वाजणे सोडले तर गाण्याच्या इतर प्रत्येक वापरातल्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा निम्मा वाटा राहतो. हा वाटा तो फक्त आपल्या वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देऊ शकतो. निर्मात्याला लिहून दिला, तरी तो करार रद्दबातल ठरतो. याच दुरुस्तीने गायक-वादकांनाही सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरात रॉयल्टी दिली. तेव्हा राज्यसभेत नामनियुक्त सदस्य असलेल्या जावेद अख्तर यांनी हा विषय किती जिद्दीने लावून धरला, हे चित्रसृष्टीने पाहिले आहे.

निर्मात्यांचा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. चित्रपट पडला तर कर्ज निर्माता फेडतो, गीतकार आपले मानधन परत करत नाही. मग चाललेल्या गाण्यात मात्र वाटा का? शिवाय दोन सज्ञान माणसांनी केलेला करार कायद्याने का मोडावा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. चित्रपटाचा जुगार थिएटरमध्ये खेळला जातो आणि तिथली कमाई कायद्याने निर्मात्याकडेच पूर्ण ठेवली आहे. वाटा मागितला जातो तो गाणे चित्रपटापासून सुटून स्वतंत्रपणे कमावू लागल्यानंतर. चित्रपट विसरला गेला आणि गाणे उरले अशी उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. ती कमाई शब्दांची, चालीची आणि गळ्याची असते. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. करारस्वातंत्र्य मलाही प्रिय आहे, पण ते दोन्ही बाजूंना नाही म्हणता येते तेव्हाच खरे असते. नवा गीतकार पहिल्या चित्रपटाच्या करारातले कलम खोडायला सांगू शकत नाही. त्याच्या मागे पाच जण उभे असतात. वाटा विकण्याची मुभा दिली असती तर प्रत्येक छापील करारात तो विकल्याचे वाक्य पहिल्याच दिवशी आले असते. किमान वेतन स्वखुशीने सोडता येत नाही, त्यामागचे कारण हेच आहे.

रेडिओ कंपन्यांचे म्हणणे वेगळे होते. ध्वनिमुद्रणाचे पैसे आम्ही म्युझिक कंपनीला देतो, मग त्यातल्या शब्द-संगीतासाठी पुन्हा का द्यायचे? मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये अंतरिम आदेश देताना म्हटले की, २०१२नंतर ध्वनिमुद्रण प्रसारित करणे हा त्यातल्या साहित्य आणि संगीताचाही वापर ठरतो, म्हणून रॉयल्टी द्यावी लागेल. याला दुहेरी वसुली म्हणणे मला पटत नाही. एका इमारतीची जमीन आणि बांधकाम दोन मालकांचे असू शकते, तसेच एका ध्वनिमुद्रणात दोन वेगळे हक्क असतात, आणि त्यांतला एक इतकी वर्षे फुकट वापरला जात होता.

सामान्य माणसाला हा विषय भिडतो तो लग्नाच्या हॉलमध्ये. विवाहसोहळा आणि वरातीतल्या संगीताला कायद्यात सूट आहे. तरी परवान्याच्या मागणीवरून तक्रारी होत राहिल्या. गोवा सरकारने अशा परवान्यांचा आग्रह धरू नये असे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४मध्ये रद्द केले. कायद्याने दिलेल्या हक्काची व्याप्ती सरकारी परिपत्रकाने ठरवता येत नाही, हे बरोबरच आहे. मात्र वसुली करणाऱ्यांनीही सूट कुठे लागू आहे हे स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर लोकांची सहानुभूती कलावंताकडून निघून जाईल. २०१७मध्ये संगीतकार इळयराजा यांनी गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांना मैफलींतल्या गाण्यांबद्दल नोटीस पाठवली तेव्हाही चाहते दुखावले गेले. खरे तर अशा मैफलींची रॉयल्टी आयोजकाने सोसायटीकडे भरायची असते. ती व्यवस्था नीट चालली तर गायक आणि संगीतकार एकमेकांसमोर उभे राहण्याची वेळ येत नाही.

मला खरी काळजी वाटते ती या वाटणीत ज्यांचे नावच नाही त्यांची. हिंदी चित्रपटसंगीताचा नाद ज्या वाद्यवृंदाने घडवला, त्यात गोव्याचे वादक आणि अरेंजर फार मोठ्या संख्येने होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबास्टियन डिसोझा यांची अरेंजमेंट होती. चाल संगीतकाराची असली तरी आपल्याला आठवणारा सुरुवातीचा तुकडा, मधले व्हायोलिन, पाठीमागे चालणारा प्रतिस्वर हे बऱ्याचदा या माणसांचे काम असे. व्यवहारात रॉयल्टीचा वाटा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. कायद्याने वादकालाही कलाकार मानले आहे, पण चित्रपटाच्या बाबतीत एक अट घातली आहे: ज्याचे सादरीकरण प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या प्रथेप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो रॉयल्टीपुरता कलाकार धरला जात नाही. म्हणजे पडद्यावर नाव देण्याची प्रथा नसणे हेच हक्क नसण्याचे कारण होऊन बसते, आणि ती प्रथा ठरवणारा असतो पैसे देणारा पक्ष. ही अट काढून टाकायला हवी. तोवर प्रत्येक रेकॉर्डिंगच्या वेळी वादक आणि अरेंजर यांची नावे लेखी नोंदवून ती चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आणि गाण्याच्या डिजिटल माहितीत देणे निर्मात्यांवर बंधनकारक करता येईल. स्टुडिओत त्या दिवशी कोण वाजवायला बसले होते, हे मानधन देणाऱ्याच्या वहीत आजही लिहिलेले असतेच.