रिकाम्या हातांचा कारभारी

मोठ्या कचेरींतील संगणक रात्रीं स्वस्थ बसत नाहीं. दप्तरांच्या नकला काढणें, सकाळचीं पत्रकें तयार ठेवणें, हीं कामें ठरल्या वेळीं आपोआप होत असतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्यें हा कारभार ‘एजंट’ पाहतो. सर्व्हर बिघडला, तो नव्यानें बसविला आणि कचेरीचे सर्व डेटाबेस जसेच्या तसे परत ठेविले, तरी एजंट रिकाम्या हातांनींच बसतो. कारण उघड आहे. त्याच्या कामांची यादी त्या डेटाबेसांत नसते. ती ‘एमएसडीबी’ नांवाच्या निराळ्या डेटाबेसांत असते, आणि नव्या सर्व्हरबरोबर तो कोरा येतो.

उपाय असा : एजंटास थांबवावें आणि एमएसडीबीची पूर्वीं काढलेली नक्कल परत चढवावी. मात्र सर्व्हर त्याच आवृत्तीचा हवा. कामांच्या मालकांचीं खातीं ‘मास्टर’ डेटाबेसांत असतात. तीं नसतील, तर कामें यादींत दिसूनही अडतात.

खरा धोका निराळाच आहे. नकला काढण्याचें कामही याच यादींत असतें. तें नाहींसें झालें, तरी कोणी ओरड करीत नाहीं; दुसरा अपघात झाल्यावरच तें कळतें. म्हणून कचेरीच्या दप्तरांबरोबर एमएसडीबीचीही नक्कल नियमानें काढावी, व ती दुसऱ्या यंत्रावर ठेवावी.