राखी-हिरव्या भिंतींचे घर
चेन्नईतील गिंडी येथे भर शहरात सुमारे २७० हेक्टरचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथील शुष्क झुडपी वनाची आठवण देणारा सौम्य राखी-हिरवा रंग घराच्या भिंतींवरही डोळ्यांना विसावा देतो. मात्र रंगपत्रिकेवरील इवल्याशा चौकोनावरून केलेली निवड फसवी ठरते. हाच रंग ट्यूबलाइटच्या पांढऱ्या प्रकाशात राखाडी भासतो, पिवळ्या दिव्याखाली पिवळसर होतो आणि जुन्या घरांतील तांबड्या जमिनीशेजारी अधिक हिरवा दिसतो. म्हणून भिंतीवर दोन फूट लांबी-रुंदीचा नमुना लावून तो सकाळी, दुपारी व रात्री पाहावा.

ओलसर भिंतीवरील रंग फुगतो व त्याचे पोपडे निघतात. त्यामुळे गळतीच्या दुरुस्तीचा खर्च अंदाजपत्रकात प्रथम धरावा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा तेथील पावसाळा टाळून काम काढावे.

जुन्या रंगात शिसे असू शकते. तो खरवडताना भिंत ओली करून धूळ उडू देऊ नये. मुलांना दूर ठेवावे. २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असता कामा नये. खरेदीपूर्वी डब्यावरील ही नोंद अवश्य वाचावी.