शिकाऊ जॉकी आणि तीन किलोंची उसनवारी

बीडमध्ये उभं राहून घोड्यांच्या शर्यतीवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "इथं कुठं आलंय रेसकोर्स?" खरंय. आपल्या जिल्ह्यात रेसकोर्स नाही. त्यासाठी पुणं गाठावं लागतं, नाहीतर मुंबईचं महालक्ष्मी. पण घोडा काही आपल्याला परका नाही. गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथं १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेला हरवलं, तेव्हा त्यांचं वय होतं १८. आज गावात घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर मेंढपाळांच्या बिऱ्हाडाबरोबर. शर्यतीची हौस मात्र गेलेली नाही. बैलगाडा शर्यतीला परवानगी देणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरवला, तेव्हा गावोगावी गुलाल उधळला गेला हे आपण पाहिलंच.

आज आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो आहे शिकाऊ जॉकी. म्हणजे सपाट धावपट्टीवरच्या, अडथळे नसलेल्या शर्यतीत घोडा पळवायला शिकणारा तरुण. समजा, आपल्याकडचाच एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे. अंगानं बारीक, जनावराची भीती नाही. कुणीतरी घरी येऊन सांगतं, "याला रेसकोर्सवर धाडा, नशीब काढील." आई-वडिलांनी काय करावं? हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच आपण पुढे जाऊ.

आधी एक गैरसमज काढू. जॉकी घोड्यावर बसत नाही. शर्यत नीट पाहा, तो रिकिबीत पाय रोवून, गुडघे दुमडून, पाठ आडवी करून खोगिराच्या वर तरंगत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने ही पद्धत इंग्लंडमध्ये गाजवली. लोक हसले होते त्याला. पण २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं, की ही पद्धत रूढ झाली त्या काळात शर्यतींचे वेळ ५ ते ७ टक्क्यांनी सुधारले होते. कारण सोपं आहे. धावताना घोड्याचं अंग प्रत्येक झेपेला पुढं-मागं, वर-खाली होतं. स्वार त्याच्या पाठीवर गच्च बसला, तर प्रत्येक झेपेला घोड्याला त्यालाही ओढावं लागतं. स्वाराने आपले गुडघे स्प्रिंगसारखे वापरले, तर घोडा त्याचं वजन वाहतो, पण त्याला हिसके देत नाही. म्हणजे हे कष्ट घोड्याऐवजी माणसाचे पाय घेतात. आपण म्हणतो ना, मांड पक्की हवी. इथं ती मांड हवेत ठोकायची असते, आणि तीही ताशी साठ किलोमीटरच्या आसपासच्या वेगात!

आता वजनाकडे येऊ. बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. चांगल्या घोड्यावर जास्त वजन, कमकुवतावर कमी, म्हणजे सगळ्यांना संधी. हे वजन साधारण पन्नास ते साठ किलोंच्या दरम्यान असतं आणि त्यात जॉकी, त्याचं खोगीर सगळं आलं. कमी पडलं तर शिशाचे तुकडे घालून भरतात. शर्यतीआधी वजन होतं, शर्यतीनंतर पुन्हा होतं. काट्यावर फसवणूक चालत नाही.

मग नवशिक्याला घोडा देणार कोण? मालकाचे लाखो रुपये अडकलेले. तो कसलेलाच जॉकी मागणार. म्हणून नियमाने एक तोड काढली: शिकाऊ जॉकी बसला, तर घोड्याला वजनात सूट. ब्रिटनमध्ये पहिल्या २० विजयांपर्यंत ७ पौंड, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आत-बाहेर. पुढे ५० विजयांपर्यंत ५ पौंड आणि ९५ पर्यंत ३ पौंड. त्यानंतर सूट बंद. आपल्याकडे आकडे किलोत आणि वेगळे आहेत, पण तत्त्व तेच: जसजसा जिंकत जाल, तसतशी सूट आटत जाते. डर्बीसारख्या मानाच्या शर्यतीत तर ती मिळतच नाही.

या सुटीची किंमत किती? ढोबळ हिशेब असा, की १६०० मीटरच्या शर्यतीत एक किलो म्हणजे साधारण एक घोडालांबी. तीन किलो म्हणजे तीन लांब्या, वेळात जेमतेम अर्धा सेकंद. पण कित्येक शर्यतींचा निकाल यापेक्षा कमी फरकाने लागतो. म्हणूनच हुशार ट्रेनर चुणचुणीत शिकाऊ पोराला शोधत असतो. पोरगं जिंकतं, नाव होतं, गावाकडे फोन जातो.

आणि नेमकी इथंच मेख आहे. ही सूट म्हणजे उसनवारी आहे. जिंकण्यातला किती वाटा पोराचा आणि किती त्या तीन किलोंचा, हे सूट असेपर्यंत कुणालाच नीट कळत नाही. त्यालाही नाही. कळतं ते सूट संपल्यावर. काल घोडे देणारा ट्रेनर आज नव्या पोराकडे वळतो, कारण त्याच्याकडे सूट शिल्लक असते.

स्टीव्ह कॉथेन याचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या केंटकीचा मुलगा, वडील घोड्यांना नाल मारणारे. १६ व्या वर्षी, मे १९७६ मध्ये तो पहिल्या शर्यतीत उतरला आणि शेवटचा आला. पाचच दिवसांनी पहिला विजय. १९७७ या एका वर्षात ४८७ विजय! १९७८ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, 'अफर्म्ड' घोड्यावर त्याने अमेरिकेची तिहेरी माळ जिंकली. वाटेल, संपली गोष्ट. पण १९७९ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात तो लागोपाठ ११० शर्यती हरला. अंगही वाढत होतं. मग तो इंग्लंडला गेला, जिथं जॉकींना थोडं जास्त वजन चालतं. तिथल्या वेगळ्या धावपट्ट्यांवर नव्याने शिकला, आणि १९८५ व १९८७ ची एप्सम डर्बी जिंकला. आमच्या मते त्याची खरी कमाई त्या ४८७ विजयांत नाही, ११० पराभवांनंतर पुन्हा शिकायला बसण्यात आहे.

मग सूट असताना पोराने कमवायचं काय? एक म्हणजे डोक्यातलं घड्याळ. पहाटेच्या सरावात ट्रेनर सांगतो, दोनशे मीटर अमुक सेकंदात आण. घड्याळ न पाहता ते जमलं पाहिजे, म्हणजे शर्यतीत पुढचा घोडा दमणार की टिकणार हे कळतं. दुसरं म्हणजे हलका हात. लगामातून घोडा काय सांगतोय ते ऐकायचं. हे शिकवणारा पहिला गुरू पुष्कळदा जॉकी नसतो, तबेल्यातला मोतद्दार असतो. तिसरी गोष्ट विश्वासाची. हरल्यावर घोडा कुठं अडला ते नेमकं सांगणाऱ्या पोराला ट्रेनर सूट संपल्यावरही बोलावतो.

आता शरीराचं बोलू. फ्रेड आर्चर अकराव्या वर्षी न्यूमार्केटला एका ट्रेनरकडे शिकाऊ म्हणून लागला, आणि पुढे सलग १३ वर्षं इंग्लंडचा अव्वल जॉकी ठरला. पण तो उंच होता. वजन उतरवण्यासाठी उपाशी राहायचा, जुलाब घ्यायचा. १८८६ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, आजारपणात आणि पत्नीच्या मृत्यूचं दुःख उराशी असताना त्याने आत्महत्या केली. धोका पडण्याचाही आहेच. १९७९ मध्ये महालक्ष्मीवर घोड्यावरून पडल्यानंतर कार्ल उमरीगर हा तरुण, गुणी जॉकी गेला. त्याच्या नावाची करंडक शर्यत आजही पळवली जाते.

हे आपल्या जिल्ह्यात सांगायचं कारण आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पोरांची शाळा सुटते, खाण्याची आबाळ होते. अशा घरातला मुलगा हलका असतो तो पुष्कळदा कुपोषणाने, आणि उपासमारीचं हलकेपण रेसकोर्सवर कामाचं नाही. अर्ध्या टनाचा घोडा आवरायला पायांत ताकद लागते. हलकं मूल म्हणजे स्वस्त ओझं, या हिशेबाचं टोक जगाने पाहिलंय. आखाती देशांत उंटांच्या शर्यतीसाठी गरीब देशांतली लहान मुलं नेली जात. २००५ च्या सुमारास बंदी आली आणि उंटांवर यंत्रमानव बसवले गेले.

म्हणून "पाठवा" किंवा "पाठवू नका" असं आम्ही सांगणार नाही. पेसी श्रॉफ यांच्यासारखे जॉकी, ज्यांच्या नावावर आठ इंडियन डर्बी आहेत, तेही कधीकाळी शिकाऊच होते. शामू चव्हाण, वसंत शिंदे ही मराठी नावं जुन्या शौकिनांना आजही आठवतात. वाट आहे, पण अरुंद आहे. नेणाऱ्याला एवढं जरूर विचारा: परवाना टर्फ क्लबचा आहे का? पडला तर दवाखान्याचा खर्च कुणाचा? शाळेचं काय? आणि दोन वर्षांत पोरगं सहा इंच वाढलं, तर ते घोड्यांजवळ कोणत्या कामावर राहील? सकाळचा सराव देणारे स्वार, नालबंद, ट्रेनरचे मदतनीस, ही सगळी कामं तिथं आहेत, आणि त्यांना वजनाची तेवढी अट नाही.

पहिल्या विजयाचा फोटो घरात जरूर लावा. पण त्या फोटोत दिसत नाहीत ती तीन किलो लक्षात ठेवा. ती कधीतरी परत करावीच लागतात. तोवर पोराच्या अंगात स्वतःचं काय मुरलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.