छतावरचे सौर पॅनेल आणि ठेकेदार

घराच्या छतावर 1 किलोवॅटचा सौर संच बसवायला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी 4 युनिट वीज मिळते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. मात्र त्यासाठी ठेकेदार नोंदणीकृत हवा आणि पॅनेल भारतीय बनावटीचे. अनुदान संच चालू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येते. ‘अनुदान वजा करून’ दर सांगणाऱ्याला म्हणूनच दोन प्रश्न जास्त विचारावेत.

खरी कसोटी छतावर लागते. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच्याशी जोडलेल्या पॅनेलांचे उत्पादनही घटू शकते. सांगाड्यासाठी स्लॅबला भोके पाडली आणि ती नीट बुजवली नाहीत, तर पहिल्याच पावसाळ्यात खालच्या खोलीला ओल येते. अर्थिंग आणि वीजरोधक यांवर तर काटकसर नकोच. शेवटी महावितरणचा नेट मीटर बसतो. तोवर पैशांचा अखेरचा हप्ता हातात ठेवलेला बरा.