उतरलेले वजन पुन्हा चढू लागले तर…

वजन कमी करण्याचे पोटाचे ऑपरेशन होऊन दोन-अडीच वर्षे झाली आहेत. पहिल्या वर्षात वजन इतके भराभर उतरले की ब्लाऊज आत घेऊन घेऊन शिंपी कंटाळला. हळदीकुंकवाला गेलात की बायका बाजूला घेऊन विचारायच्या, "अगं, करतेस तरी काय?" आणि आता चार-सहा महिन्यांपासून तेच ब्लाऊज दंडात दाटू लागले आहे. काटा दोन किलो, चार किलो, सहा किलो असा वर सरकतो आहे, म्हणून तुम्ही काट्यावर उभे राहणेच सोडले आहे. खरे ना?

भोर, नसरापूर, वेल्हे या बाजूच्या ज्या भगिनी पुण्याला जाऊन हे ऑपरेशन करून आल्या, त्यांच्यासाठी हा लेख मुद्दाम लिहिला आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच.) पुण्यातल्या बाईला डॉक्टर रिक्षाच्या अंतरावर असतो. भोरहून पुणे पन्नासएक किलोमीटर, वेल्ह्याहून त्याहून थोडे जास्तच. तपासणीला जायचे म्हणजे सगळा दिवस मोडतो. पहिल्या वर्षी नवरा बरोबर येतो. दुसऱ्या वर्षी "तू एकटीच जाऊन ये" होते, आणि तिसऱ्या वर्षी घरात कोणी तो विषयच काढत नाही. तुम्हीही काढत नाही, कारण मनात भीती बसलेली असते. एवढे लाख घातले, कुणी दागिने गहाण ठेवले, आणि आता वजन वाढले म्हणून सांगायचे कुणाला? सासूबाई म्हणणारच, "मी तेव्हाच सांगत होते." डॉक्टर रागावतील ही धास्ती वेगळीच.

तेव्हा आधी ही शरम बाजूला ठेवू या. स्वीडनमध्ये १९८७ साली अशा ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि माणसांना वर्षानुवर्षे बोलावून त्यांची वजने नोंदली गेली. बायपास केलेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले होते. दहा वर्षांनी पाहिले तेव्हा ते मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी होते. आपल्या भाषेत सांगायचे तर शंभर किलोची बाई अडुसष्टवर आली आणि मग पंच्याहत्तरवर जाऊन थांबली. ज्यांनी ऑपरेशन केलेच नव्हते, त्यांची वजने त्या दहा वर्षांत जवळजवळ होती तिथेच होती. म्हणजे थोडे परत चढणे हा या वाटेचाच भाग आहे. वर्तमानपत्रात ऑपरेशनच्या आधीचा आणि एका वर्षानंतरचा असे दोन फोटो शेजारी-शेजारी छापतात. पाचव्या वर्षीचा फोटो कोणी छापत नाही, म्हणून आपल्याला वाटते की फक्त आपलेच असे झाले!

खाण्याचे शौकीन म्हणून प्रसिद्ध असलेले आपले नितीन गडकरी यांनी २०११ साली असे ऑपरेशन करून घेतले. पुढे २०२२ मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनीच सांगितले की पूर्वी माझे वजन १३५ किलो होते, आता ९३ आहे. मंत्र्यांच्या दिमतीला माणसे असतात, आपल्या दिमतीला आपणच, हे कबूल. पण इतक्या वर्षांनीही वजन ताब्यात राहू शकते, एवढे त्यातून घेऊ या.

आता हे परत चढते कसे? तुमचे ऑपरेशन 'स्लीव्ह'चे असेल तर जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकलेला असतो, आणि उरते ती लहान वाटीएवढी नळी. बायपासमध्ये जठराची इवलीशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पहिले वर्षभर भूकच मेलेली असते. नंतर शरीर रुळते, भूक हळूहळू परत येते, शिवाय हलक्या झालेल्या शरीराला पूर्वीइतके अन्न लागतही नाही. पिशवी ताणली गेली असेल अशी शंका सगळ्याजणींना येते. कधी कधी तसे असतेही, पण बहुतेक वेळा चोर स्वयंपाकघरातच सापडतो.

कसा, ते पाहा. घट्ट अन्न, म्हणजे उसळ, पनीर, अंडे, चिकन, त्या छोट्या पिशवीत थांबते आणि चार घासांत पोट भरल्याची जाणीव होते. मऊ, पातळ किंवा तोंडात विरघळणारे पदार्थ मात्र खाली सरकून जातात. भाकरीचा कोरडा घास अडकतो म्हणून तुम्ही ती सोडलेली असते. त्याऐवजी इंद्रायणीचा आसट भात, वर पातळ आमटी. आपल्या मावळपट्ट्यातला हा तांदूळ मुळातच चिकट आणि मऊ. तो घशाखाली कधी उतरला ते कळत नाही आणि तासाभराने पुन्हा काही तरी हवेसे वाटते. मग चहा, चहाबरोबर दोन बिस्किटे, मुलांच्या ताटातली उरलेली खीर, दुपारी डब्यातले मूठभर फरसाण. पोळी अर्धीच जाते, पण चिवडा वाटीभर जातो! "मी तर काहीच खात नाही" असे तुम्ही म्हणता तेव्हा खोटे बोलत नसता, कारण जेवायला बसून तुम्ही खरोखरच फार थोडे खाता.

एकट्या चहाचा हिशेब करून पाहा. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे साखर, म्हणजे रोज चाळीस ग्रॅम. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर नुसत्या तुमच्या चहात जाते. वाण्याच्या यादीत ती दिसत नाही, कारण ती सगळ्यांच्या साखरेत मिसळलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट, खाण्याच्या वेळा बांधून घ्या. तीन जेवणे आणि फार तर एक-दोन ठरलेली खाणी. मधल्या वेळेत पाणी, बिनसाखरेचे ताक, कोरा चहा. आठवडाभर एका वहीत तोंडात गेलेले सगळे लिहा. चव बघितलेली भाजीसुद्धा. वही कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरे लिहायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट प्रथिनांची, आणि इथे जरा थांबायला हवे. या ऑपरेशननंतर दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सांगतात. तुमचा नेमका आकडा आहारतज्ज्ञांनी दिला असेल तर तोच धरा. आपल्या घरात ही प्रथिने येतात कुठून? एका अंड्यात सहा ग्रॅम. मूठभर मटकीची, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम कोरड्या कडधान्याची उसळ केली तर सात. तेवढ्याच बेसनाचे पिठले केले तर सहा-सात. वाटीभर दह्यात साधारण पाच, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ. शिजलेल्या शंभर ग्रॅम चिकनमध्ये पंचवीस आणि माशात त्याहून थोडी कमी. मांसाहारी घरात साठ गाठता येतात. नुसत्या शाकाहारावर, तेही एवढ्याशा पोटात, बेरीज चाळीस-पंचेचाळीसवर अडकते. अशा वेळी प्रथिनांची पावडर घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारा. ती फक्त पैलवानांची नसते. मात्र जिममधल्या पोराच्या सल्ल्याने डबा आणू नका.

ताटातला क्रमही उलटा करावा लागेल. आपल्याकडे पहिला वाढप वरणभाताचा. तुम्ही आधी उसळ किंवा अंडे संपवा, मग भाजी-कोशिंबीर, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर. भात सर्वांत शेवटी, दोन चमचे. घास नीट चावा. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको. पाणी आमच्याकडे जेवणाच्या ताटाबरोबरच मांडतात, असे म्हणाल तर आपला तांब्या सरळ स्वयंपाकघरातच राहू द्या.

नाचणीचे विचारतात पुष्कळजणी. वेल्ह्याच्या डोंगरउतारावर पिकणारी नाचणी कॅल्शियमला फारच चांगली, शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून अधिक. पण तिच्यात प्रथिने सातच ग्रॅम, आणि पातळ आंबिलीचा पेला पुन्हा खाली सरकणारा. नाचणीची भाकरी करा आणि तिच्यासोबत घट्ट पिठले घ्या.

उपवासाचे मात्र स्पष्टच सांगते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, प्रथिने नावाला. संकष्टी, एकादशी, नवरात्र असे धरत गेलात तर महिन्यातले कितीतरी दिवस खिचडी आणि बटाट्याच्या पापडावर जातात. उपवास सोडवत नसेल तर दही, पनीर, दूध, राजगिरा आणि थोडे दाणे यांवर करा. निर्जळी उपवास तुमच्यासाठी नाही. देवीला ते समजते. पौषातल्या मांढरदेवीच्या यात्रेची पुरणपोळीही अगदी वर्ज्य नाही. दोन घास प्रसादाचे घ्या आणि ताट पुढे सरकवा. बायपास झालेल्यांना गोड जास्त झाले की छातीत धडधड, घाम, पोटात मुरडा असे होते. ते भोगलेल्या बाईला वेगळे सांगायला नको.

एखादी मैत्रीण मोबाइलवर पाठवील, "पाच दिवस फक्त पातळ पदार्थ घ्या, पोट पुन्हा लहान होते." असे पोट लहान होत नाही. पाच दिवसांत पाणी उतरते, सहाव्या दिवशी भूक दुपटीने येते.

चालण्याचे म्हणाल तर आपल्याकडे जागेला तोटा नाही. अडचण वेगळीच आहे. भोरमध्ये बाई पिशवी न घेता रस्त्याने निघाली की तीन ओट्यांवरून प्रश्न येतो, "काय गं, कुठे निघालीस?" त्यावर उपाय म्हणजे पिशवी घेऊनच निघा! भाजी रोजची रोज आणा, आणि जवळची सोडून लांबची मंडई धरा. सुरुवातीला वीस मिनिटे पुरे. तोरणा १४०३ मीटर उंच आहे, त्याच्या वाटेला सध्या जायला नको. आणि आपला पाऊस! जून ते सप्टेंबर वेल्ह्याला बाहेर पडणे कठीण. त्या दिवसांत भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांत घेऊन वर-खाली करा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते भरून काढायला असा जोराचा व्यायामच लागतो, नुसते चालणे पुरत नाही.

गोळ्यांबद्दल सांगायचे तर, त्या बऱ्याचजणींनी केव्हाच बंद केलेल्या असतात. "आता बरे वाटते, मग कशाला?" या गोळ्या जन्मभराच्या आहेत, बाई. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. पोट लहान, वाट बदललेली, त्यामुळे अन्नातून ती पुरेशी मिळत नाहीत. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा नको. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून ब्रुफेनसारखी गोळी परस्पर आणू नका. विशेषतः बायपासनंतर तिने अल्सर होऊ शकतो.

ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात. तो काळ उलटला असेल तर हरकत नाही, पण आधी रक्त तपासून घ्या. बायपासनंतर पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून दुसरे साधन निवडा. दिवस राहिल्यावर सरकारी दवाखान्यात साखर तपासायला ग्लुकोजचे पाणी पाजतात. ते पिण्याआधीच सिस्टरना सांगा की माझा बायपास झाला आहे. साखर तपासण्याचे दुसरे मार्ग आहेत.

वारंवार उलट्या, पाणीही न ठरणे, पायांना मुंग्या येऊन चाल डळमळणे, काळी शौच, पोटात असह्य कळ, यांतले काही झाले तर वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचा सरकारी दवाखाना गाठा आणि पहिले वाक्य ऑपरेशनचे सांगा. डॉक्टर नवीन असतील तर त्यांना ते ठाऊक नसणार.

एवढे दोन-तीन महिने करूनही काटा वरच जात असेल, तर थायरॉइड, पिशवी, चालू असलेली इतर औषधे, हे सगळे तपासावे लागते. माउंजारो, वेगोवी ही आठवड्याला घ्यायची इंजेक्शने भारतात २०२५ मध्ये आली, काहींना त्यांचा उपयोग होतो. दुसरे ऑपरेशन ही फार पुढची गोष्ट. यातले तुम्हाला काय लागू, ते ज्यांनी ऑपरेशन केले तेच सांगू शकतील.

तेव्हा फोन करून तारीख घ्या. जाताना ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड, चालू आणि सोडलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि ती वही पिशवीत टाका. बी-१२, लोह, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, साखर, थायरॉइड या तपासण्या आपल्या गावातच आधी होत असतील तर रिपोर्ट घेऊनच जा, एक फेरी वाचेल. रक्त पुण्यातच उपाशीपोटी द्यायचे ठरले तर सकाळची पहिली एसटी गाठावी लागेल. डब्यात दोन उकडलेली अंडी किंवा पनीरचे तुकडे ठेवा, रक्त देऊन झाले की खायला. नाहीतर स्वारगेटला उतरल्याबरोबर वडापावचा वास येतोच.