दळण आपलं, गिरणी त्यांची

आपल्याकडच्या रेशन दुकानात धान्य मिळतं, पीठ नाही. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला. पण त्यातल्या गव्हाची चपाती व्हायची तर मधे कुणीतरी चक्की चालवावी लागते. त्या माणसाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पालघर-बोईसरच्या गल्ल्यांत तो सापडतो, अंगभर पिठाने पांढरा झालेला, बहुतेकदा वडिलांनी किंवा आजोबांनी टाकलेल्या गिरणीत.

हा सगळा मुलूख मुळात तांदळाचा. किनाऱ्यावर तांदळाची भाकरी, तर जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नागली आणि वरई. भाकरीसाठी वाडा कोलम कुणी दळायला आणत नाही. तो भाताचा तांदूळ. भाकरीला जाडा तांदूळ लागतो. पूर्वी हे सगळं जात्यावर निघे. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की टाकी लावणारा गावात फिरकेपर्यंत वाट बघायची. जात्यावरच्या ओव्यांचं कौतुक आपण फार करतो. रोज पहाटे उठून जातं ओढणाऱ्या बाईला गिरणी आल्याचं दुःख झालं असेल, असं मला वाटत नाही.

वीज पोचली नव्हती तिथे गिरण्या तेलाच्या इंजिनावर चालल्या. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. अशा इंजिनांनी शेतावर पंप ओढले आणि गावात चक्कीचे पट्टे फिरवले. पुढे वीज आली, मोटार बसली, गिरणी मात्र त्याच घरात राहिली. कारण साधं आहे. गिरणीवाला धान्य विकत घेत नाही. दळण गिऱ्हाइकाचं, याची फक्त मजुरी. किलोमागे मिळणाऱ्या थोड्या रुपयांत वीजबिल, दगड आणि पट्टा भागवून पगारी माणूस ठेवणं जड जातं. मग घरचेच हात: एक जण चक्कीवर, एक वजनकाट्यावर, शाळेतून आलेलं पोर डब्यांना चिठ्ठ्या लावायला.

आणि जे शिकायचं ते बघूनच शिकायचं. दोन दगडांतला एक स्थिर, एक फिरता. मधली फट चाकाने कमीजास्त करायची. फट फार आवळली की पीठ तापतं, करपल्यासारखा वास येतो. सैल राहिली की भाकरी थापताना चिरते. मुरलेला गिरणीवाला आवाजावरून ओळखतो आणि चिमटीत पीठ चोळून खात्री करतो. बेसन लाडूचं की भज्यांचं, हे तो आधी विचारतो. क्रमही त्यालाच सांभाळावा लागतो. गव्हावर गहू, तांदळावर तांदूळ; हरभऱ्यानंतर लगेच कुणाचं तांदळाचं दळण टाकलं तर भांडण ठरलेलं. उपवासाच्या पिठासाठी चक्की आधी झाडूनपुसून घ्यायची.

धंद्याला खरी कलाटणी दिली ती गव्हाने. 1969 मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मागोमाग एमआयडीसी वाढली. नाव तारापूरचं, पण माणसं उतरली ती बोईसर स्टेशनवर. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून आलेल्या कामगाराला रोज पोळी हवी. भाकरीच्या मुलखात आट्याचे डबे रांगेत लागले, सत्तूसाठी भाजलेले हरभरे आले. बोईसरमध्ये कोण कुठून आलं, हे जनगणनेआधी गिरणीवाल्याला कळलं असणार.

मग तयार आट्याच्या पिशवीपुढे या गिरण्या टिकल्या कशा? रोलर मिलमध्ये कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येतात. मैदा होतो तो असाच. दगडी चक्कीत सगळंच दळलं जातं. अंकुरातलं तेल पिठात उतरतं, म्हणून चव येते आणि म्हणूनच ते पीठ लवकर खवट होतं. ज्याला ही चव हवी, त्याला थोडं थोडं दळून न्यावंच लागतं. शिवाय 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर 5 टक्के जीएसटी बसला. स्वतःचे गहू दळून आणणाऱ्याला त्या पाकिटाशी काही देणंघेणं नाही.

खरी स्पर्धा आहे ती स्वयंपाकघरातल्या घरघंटीची. फ्लॅटमधल्या सुनेला डबा उचलून खाली जायला वेळ नाही, आणि त्यात तिचं काही चुकतही नाही. त्याला उत्तर म्हणून गिरणीवाल्यांनी मिरची कांडपाचं यंत्र बसवलं. उन्हाळ्यात वर्षाच्या मसाल्याची रांग लागते, ठसक्याने अख्खी गल्ली शिंकते. घरघंटीवर पाच-सहा किलो मिरची कुटायला अजून कुणी धजत नाही.