पाठीतल्या पाण्याचा अहवाल वाचताना

घरातील आजींना पंधरवडाभर बारीक ताप आणि डोकेदुखी असते. मग त्या असंबद्ध बोलू लागतात. अशा वेळी रुग्णालयात ‘पाठीतले पाणी’ तपासण्याचा सल्ला मिळतो. सुईने पाय लुळे पडतील, या धास्तीने अनेक कुटुंबे संमती देण्यास विलंब लावतात. वस्तुतः मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याखाली टोचतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते मात्र आधीच सांगावे.

निरोगी द्रव पाण्यासारखा नितळ असतो. एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी पाचपर्यंत असतात. १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम, वार्धक्यात किंचित अधिक असतात. साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असते.

मधुमेही ज्येष्ठांच्या बाबतीत नेमकी इथेच फसगत होते. द्रवातील साखर ७० पाहून आपण निश्चिंत होतो. पण त्याच वेळी रक्तातील साखर ३०० असेल, तर ते प्रमाण पाव हिश्श्याहूनही कमी भरते. म्हणून पाणी काढताना रक्तातील साखरही मोजली होती का, हे अवश्य विचारा.

सर्व आकडे एकत्र वाचावेत. न्यूट्रोफिल पेशी पुष्कळ, प्रथिने वाढलेली आणि साखर घटलेली असेल, तर जिवाणूजन्य मेंदूज्वराचा संशय येतो. लिम्फोसाइट पेशी वाढूनही साखर ठीक असेल, तर बहुधा विषाणू असतो. लिम्फोसाइट व प्रथिने वाढलेली, साखर कमी आणि दुखणे हळूहळू बळावलेले असेल, तर आपल्याकडे क्षयाचा विचार प्रथम करावा लागतो. तांबड्या पेशी दिसल्या म्हणून लगेच घाबरू नये; सुई टोचतानाही थोडे रक्त मिसळू शकते. मात्र त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. अहवालात ‘क्षयजंतू आढळले नाहीत’ असे लिहिले, म्हणजे क्षय नाही असे सिद्ध होत नाही. द्रवात हे जंतू फार थोडे असतात आणि कल्चरचा निकाल यायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर थांबणे मेंदूला परवडत नाही. म्हणून डॉक्टर लक्षणे आणि इतर आकडे पाहून औषधे आधीच सुरू करतात. तो एक शब्द वाचून ती परस्पर बंद करू नका. शंका असेल तर अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मात्र चुकवू नका.